वीसपैकी सहा

रविवार, १२ जून १९८३. सौंसर

सुट्टीच्या दिवसांत मास्तराच्या दारात कोणी फिरकत नाही. फिरकलाच तर पूरक परीक्षेत गटांगळ्या खाणारा. म्हणून सकाळी फाटक वाजलं तेव्हा मी तोंडापुढचं वर्तमानपत्रही हलवलं नाही. पण आली होती इंदू गोंडाणे. हिचा बाप शालिकराम नगरपालिकेच्या टाकीवर व्हॉल्व्ह फिरवतो; अख्खं सौंसर त्याच्या हातचं पाणी पितं. इंदू सहावी ते अकरावी माझ्या वर्गात इंग्रजी शिकली आणि पुढं नागपुरात वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी. झाली, पहिल्या वर्गात. संत्र्याच्या झाडाची मुळं कशानं सडतात, यावर तिनं काही लिहिलं होतं. ते तिच्या प्राध्यापकांनी विलायतेतल्या एका विद्यापीठाला धाडलं, आणि आता तिथून बोलावणं आलंय. शिष्यवृत्तीसकट!

मी पत्र दोनदा वाचलं. अट एकच आहे. डिसेंबर संपायच्या आत इंग्रजी येत असल्याचा दाखला पाठवायचा. त्यासाठी दोन परीक्षा चालतील, एक अमेरिकेची टोफेल आणि एक इंग्लंडची ई.एल.टी.एस. यातली कुठलीही एक. दोन्हींचे फॉर्म आणि माहितीपत्रकं तिनं नागपूरहून आणली होती.

"कोणती देऊ सर?"

"तुला काय वाटतं?"

"मले तं बोलायची परीक्षा असन तं बरं वाटते. पण तुमी म्हणान तीच देईन."

घरात शकुंतलेनं कौतुकानं पोह्यांवर जास्तीचं खोबरं घातलं. सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवतोय, पण माझ्या शब्दावर कोणाचं विलायतेला जाणं आजवर अडलं नव्हतं. खोटं कशाला लिहू, छाती फुगली. दुपारी झोप लागली नाही.

बुधवार, १५ जून

दोन्ही माहितीपत्रकं नीट वाचली.

टोफेल म्हणजे टेप ऐकायची, व्याकरण सोडवायचं, उतारे वाचायचे. उत्तर लिहायचंसुद्धा नाही. चारातला एक गोल पेन्सिलीनं काळा करायचा. तपासणार यंत्र.

ई.एल.टी.एस.मध्ये ऐकणं-वाचणं आहे, स्वतःच्या विषयावर लिहिणं आहे आणि शेवटी मुलाखत. समोर साहेब किंवा मडम बसणार आणि दहा-बारा मिनिटं बोलणार. काय विचारतील याचा नेम नाही.

मला तर टोफेल सरळ दिसते. यंत्र तुमच्या तोंडाकडे पाहत नाही. मुलीच्या जातीला परक्या माणसापुढं बसवायचं, तिची त-त-प-प झाली म्हणजे? नुसतं इंग्रजी येणं वेगळं आणि गोऱ्या माणसापुढं येणं वेगळं, हे ज्याचं त्याला कळतं.

यावरून आठवलं. बासष्ट साली संत्र्याचे बगीचे पाहायला दोन परदेशी शास्त्रज्ञ आले होते. दुभाष्या म्हणून तहसीलदारांनी माझ्यासाठी जीप पाठवली होती. नेमका त्या दिवशी मला ताप भरला, एकशे दोन. संधी हुकली याची चुटपुट अजून आहे.

रविवार, ३ जुलै

इंदूच्या घरी जाऊन आलो. अभ्यासाला जागा कशी आहे, ते पाहायचं होतं. विहाराच्या मागची गल्ली. सव्वीस वर्षांत त्या बाजूला माझा पाय पडला नव्हता. कामच पडलं नाही. शालिकरामनं खुर्ची पुसून दिली. इंदूची आई वत्सलाबाई हिनं चहा केला. मी घेतला. तसं मी काही मानत नाही.

शालिकराम म्हणाला, "गुरुजी, पोरगी रेडिओवर इंग्रजीच आयकून राह्यते जी. टाकीवर माह्या संग बसते अन् थेच बडबडते. मले समजत नाई. व्हॉल्व्हले समजत असन तं माहीत नाई."

मी म्हटलं, रेडिओनं पाया पक्का होत नाही, पाया व्याकरणानं होतो. त्यानं मान डोलावली. या माणसाचा माझ्यावर किती विश्वास आहे! निघताना म्हणाला, "तुमी सांगान थे खरं. आमाले काय समजते."

रविवार, १० जुलै

आज इंदूची पहिली चाचणी घेतली.

नागपूरच्या जयश्री नावाच्या मैत्रिणीनं तिला सरावाचं पुस्तक आणि एक कॅसेट दिली आहे. टेपरेकॉर्डर आमच्या शाळेतले चपराशी नत्थूजी यांच्या भजनी मंडळाचा. शनिवारी जामसावळीला मारुतीपुढं वाजवतात, म्हणून आठवड्यातून सहाच दिवस मिळतो.

टेपवर जे बोलतात ते पुस्तकाच्या मागं छापलेलं आहे. शिकवणाऱ्याची तयारी हवी, म्हणून काल सत्ताविसाव्या पानावरच्या चाचणीचे सगळे संवाद मी वाचून ठेवले. ग्रंथालयात दोन विद्यार्थी भेटतात, पुस्तक परत करायची तारीख उलटून गेलेली असते, वगैरे. चांगलं सोपं इंग्रजी आहे.

सकाळी अकराला बसलो. नत्थूजी टेप सांभाळायला, शकुंतला दाराशी. कॅसेट सुरू केली. त्या लोकांची बोलायची पद्धत फारच घाईची आणि नाकातली. पण काय बोलतायत ते मला ठाऊक होतं, त्यामुळे अडचण आली नाही. मधेमधे टेप थांबवून मी इंदूला समजावत होतो, "पाहा, आता ती मुलगी पुस्तक उशिरा परत केल्याबद्दल बोलते आहे." शकुंतला नत्थूजींकडे पाहून मान हलवत होती, म्हणजे पाहा आमच्या यांना कसं कळतं! इंदूनं एकदा ओठ मुडपून हसू दाबल्यासारखं केलं. एकदा म्हणाली, "सर, ते पान—"

"मधे बोलायचं नाही. आधी पूर्ण ऐक."

"हो सर."

वीस प्रश्न होते, पुस्तक तिच्या हातात. तिनं ए-बी-सी-डी कागदावर लिहून दिलं. मी मागची उत्तरं पाहून तपासलं. वीसपैकी सहा. मला धक्काच बसला. एम. एस्सी. पहिला वर्ग, आणि सहा! सगळ्यांसमोर मोठ्यानं आकडा सांगायला नको होता. नत्थूजी हळहळले, "राहू द्या जी, लेकरू हाय." इंदूनं कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, शकुंतलेकडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाली, "अजून मेहनत करीन सर."

मुलगी गुणी आहे. उलट बोलत नाही. कागद या वहीतच ठेवला आहे, पुढं प्रगती मोजता येईल.

सोमवार, ११ जुलै

निर्णय झाला. टोफेल.

जिला टेपवरचं वीसपैकी सहा कळतं, ती जिवंत माणसापुढं काय करणार? प्रश्नच कळायचा नाही. टोफेलमध्ये ऐकणं एक तृतीयांश; बाकी दोन भागांत मी तिला पोलादासारखी तयार करीन. इंदूला सांगितलं.  ती म्हणाली, "बरं सर." फॉर्म भरून ठेवला. पाठवायला सप्टेंबरपर्यंत वेळ आहे.

आपण तिचं हितच पाहतो आहोत, असं मनाला तीनदा सांगितलं. तीनदा का सांगावं लागलं, कोण जाणे.

रविवार, २४ जुलै

कर्मणी प्रयोग संपवला. विद्यापीठाला मी स्वतः एक पत्र लिहिलं, तुमच्या मते दोन्हींत कोणती परीक्षा अधिक इष्ट, अशी पृच्छा करणारं. चार मसुदे केले. पत्र लिहिण्यात मी कोणाला हार जाणार नाही. उत्तराचा पत्ता शाळेचा दिला, गल्लीत टपाल इकडंतिकडं होतं म्हणून.

शनिवार, २० ऑगस्ट

विलायतेचं उत्तर आलं.

पत्र सभ्य आहे. लिहितात, दोन्ही परीक्षा मान्य. मात्र टोफेलमध्ये बोलण्याची चाचणी नसल्यामुळे टोफेल देणाऱ्यांनी सत्र सुरू होण्याआधी तीन महिने येऊन तिथं भाषेचा वर्ग करायचा, आणि तो स्वखर्चानं. शिष्यवृत्ती त्यानंतर लागू होईल. ई.एल.टी.एस.ची मुलाखत चांगली झाली तर या वर्गाची गरज नाही.

विलायतेत तीन महिने स्वखर्चानं! शालिकरामला ते या जन्मात जमायचं नाही. मग टोफेल दिली काय आणि न दिली काय.

पत्र शब्दकोशात ठेवलं. आज शनिवार, इंदू येत नाही.

मंगळवार, २३ ऑगस्ट

इंदू आली होती. शब्दयोगी अव्ययं घेतली. पत्राचं सांगायचं राहून गेलं.

मंगळवार, ३० ऑगस्ट

राहून गेलं. ई.एल.टी.एस.चा फॉर्म मुंबईला पोचायची शेवटची तारीख पंधरा सप्टेंबर. त्यानंतरची परीक्षा पुढल्या वर्षी, तोवर दाखल्याची मुदत संपून जाईल. इंदूनं आज विचारलं, "सर, विलायतचं काही उत्तर आलं काय?" मी म्हटलं, तिकडचं टपाल, वेळ लागतो.

हे वाक्य सहज निघून गेलं. आता वहीत लिहिताना ते सहज वाटत नाही.

गुरुवार, ८ सप्टेंबर. पांढुर्णा

काल पोळा झाला, आज गोटमार. शकुंतलेचं माहेर इथलं, त्यामुळे दरवर्षी येणं होतं. मी काही नदीवर जात नाही. माळवदावरूनसुद्धा पाहत नाही. इकडून पांढुर्णा, तिकडून सावरगाव, मधे जाम नदी आणि दिवसभर दगडांचा पाऊस. सुशिक्षित माणसानं त्यात पाहायचं तरी काय?

चार वाजता माझा साळा गुणवंता आला. कपाळावर पट्टी, तीन टाके, सदऱ्यावर रक्त, आणि चेहरा बोहल्यावरून उतरल्यासारखा. किराणा दुकान चालवणारा, एरवी पालीला भिणारा माणूस. मी विचारलं, "तुला भीती नाही वाटत?"

"वाटते नं भाऊजी. काहून नाई वाटणार?"

"मग जातोस कशाला?"

"गेलो तं एक दिवस भेव लागते. घरी बसलो तं सालभर लागन."

तो हसत हसत हात धुवायला गेला. मी तिथंच बसून राहिलो. तीन टाके पडलेला माणूस जेवायला बसतो आणि मला अडीच महिने एका मुलाखतीची धास्ती. ती मुलाखतसुद्धा माझी नाही.

माझी नाही, हे आज पहिल्यांदा लिहिलं.

संध्याकाळी शकुंतलेला माडीवर बोलावून पत्राचं सांगितलं.  ती म्हणाली, "बासष्ट साली तुमाले ताप नव्हता."

"होता. तूच पट्ट्या ठेवल्या."

"म्या पट्ट्या ठेवल्या म्हणूनच सांगून राह्यली. कपाळ थंडगार होतं. जीप गेली अन् तुमी उठून जेवले." ती उठली. "थो ताप तुमचा होता, तुमी ठेवला, म्या काई म्हणलं नाई. हे पत्र इंदूचं हाय. थे वापस द्या."

एकवीस वर्षं या बाईनं ते पोटात ठेवलं. मला फार लाज वाटली.

शुक्रवार, ९ सप्टेंबर. सौंसर

पहिल्या बसनं आलो. बसस्टँडवरून घरी न जाता तडक टाकीवर. इंदू बापाचा डबा घेऊन आली होती. तिला पत्र दिलं.

तिनं वाचलं. मग लिफाफा उलटून त्यावरचा सौंसरचा शिक्का पाहिला, वीस ऑगस्टचा. बराच वेळ पाहिला. मी म्हणणार होतो की शब्दकोशात राहून गेलं. पण म्हटलं, "मी लपवलं. तुला मुलाखत द्यावी लागली तर सराव मला घ्यावा लागेल, आणि मला इंग्रजी बोलता येत नाही. वाचता येतं, शिकवता येतं. बोलता येत नाही."

शालिकराम व्हॉल्व्हवर हात ठेवून उभा होता. तो खाली पाहू लागला. इंदूचे डोळे भरले होते. रागानं की कशानं, ते मला विचारवलं नाही.

"फॉर्म आजच भरू सर," ती म्हणाली.

तिथंच टाकीच्या ओट्यावर भरला. टोफेलचा फॉर्म मी फाडला. माझ्यामागोमाग गुणवंता सौंसरला माल घ्यायला आला होता. तो पट्टी बांधल्या डोक्यानं लिफाफा घेऊन नागपूरला गेला आणि स्टेशनावरच्या टपालात रजिस्टर करून आला. पावती रात्रीपर्यंत हातात.

रविवार, १८ सप्टेंबर

आज तोंड उघडलं.

बैठकीत दोन खुर्च्या समोरासमोर. मी साहेब. पहिला प्रश्न मी रात्रीच पाठ केला होता, "व्हाय डू यू विश टू स्टडी इन अवर कंट्री?" प्रश्न संपायच्या आत इंदू हाताची घडी घालून उभी राहिली.

"अगं खाली बस. मुलाखतीत उभं राहायचं नसतं."

बसली. दुसरा प्रश्न विचारला, परत उभी. माझ्याच वर्गातली सवय! विचारल्याशिवाय बोलायचं नाही, बोलायचं ते उभं राहून, आणि सरांच्या डोळ्यांकडे पाहायचं नाही. सव्वीस वर्षं मी हे रक्तात भिनवलं आणि आता एका महिन्यात काढायचं आहे. शेवटी शकुंतलेनं तिच्या मांडीवर निवडायला तांदळाचं ताट ठेवलं, म्हणजे उठताच येऊ नये.

मग मात्र तिनं संत्र्याबद्दल सांगायला सुरुवात केली. मुळं, बुरशी, पाणी साचणं. न अडखळता पाच मिनिटं. मला सगळं कळलं नाही, पण थांबवावंसंही वाटलं नाही. तिला मधे प्रश्न विचारायचे म्हणून मीही बोललो. माझी क्रियापदं मागंपुढं झाली. कोणी मेलं नाही.

टेपवर सहा मिळवणारी मुलगी दोन महिन्यांत इथवर आली. व्याकरणाचा परिणाम, दुसरं काय!

रविवार, २ ऑक्टोबर

आज इंदू म्हणाली, "सर, आज मी मडम बनते, तुमी उत्तर द्या." नाइलाजानं कबूल झालो. तिनं इंग्रजीत विचारलं, सर, तुम्ही आयुष्यात सगळ्यात जास्त कधी घाबरलात?

मी इंग्रजीत तिला जीप, दोन शास्त्रज्ञ आणि तापाची हकीकत सांगितली. चांगली दहा मिनिटं लागली. मराठीत मला ती सांगता आली नसती. ती हसली नाही. फक्त माझं एक क्रियापद दुरुस्त केलं आणि लगेच म्हणाली, "सॉरी सर."

शनिवार, १५ ऑक्टोबर. मुंबई

शालिकराम येणार होता, पण येऊ शकला नाही. "दोन दिवस मी नाई तं गावाले पाणी नाई गुरुजी. तुमी जा." सोबत वत्सलाबाई. बाईंनी गाडीत रात्रभर मुलीचा हात सोडला नाही.

लेखी भाग सकाळी झाला. दुपारी मुलाखत. बाहेरच्या बाकावर मी आणि वत्सलाबाई. त्यांनी विचारलं, "गुरुजी, आतमदी आता काय इचारत असतीन?" मी म्हटलं, ठाऊक नाही. हे उत्तर मी आयुष्यात फार कमी वेळा दिलं आहे. बाईंना त्यानं काही वाईट वाटलं नाही. डब्यातली अर्धी भाकर त्यांनी माझ्या हातावर ठेवली, आम्ही दोघांनी खाल्ली.

पंधरा मिनिटांनी दार उघडलं. इंदू आणि मागं एक उंच, पांढऱ्या केसांची मडम. इंदू आम्हाला म्हणाली, "पहिल्याच प्रश्नाले उभी राह्यली सर. त्या पण उभ्या राह्यल्या. मंग दोघी हसलो."

तेवढ्यात मडम माझ्याकडे वळल्या आणि काहीतरी म्हणाल्या. 'टीचर' तेवढं कळलं.   जीप फाटकाशी उभी असावी तसं वाटलं. मी नुसते हात जोडले.

मग इंदू हलक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, माय सर हॅज फीवर टुडे."

पोरीनं माझी झाकली मूठ झाकून ठेवली. पळायची वाट मोकळी करून दिली, तीही माझ्याच शब्दांनी, आणि चेहऱ्यावर थट्टेचा लवलेश नाही. मला भरून आलं.

"नो मॅडम," मी म्हटलं. "नो फीवर. ट्वेंटी-वन इयर्स बिफोर, फीवर. नाऊ नो. आय अ‍ॅम हर टीचर."

मडमना त्यातलं काय कळलं, देव जाणे. त्यांनी हात पुढं केला, मी तो हातात घेतला. इंदू मात्र भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होती. वत्सलाबाई घाबरून विचारत होत्या, काय झालं, नापास केली काय?

शनिवार, १० डिसेंबर. सौंसर

निकाल आला. नऊपैकी साडेसहा पाहिजे होते, सात मिळाले. मुलाखतीत आठ.

इंदू पुढल्या सप्टेंबरात जाणार. शालिकराम ऐकून तडक टाकीकडे निघून गेला. आज संध्याकाळचा नळ अर्धा तास जास्त चालला. बाया हंडे-कळश्या भरून थकल्या, कोणाला कारण कळेना. मला ठाऊक होतं. आम्ही बादल्याच काय, पातेलीसुद्धा भरून ठेवली.

रविवार, ११ डिसेंबर

इंदू पेढे घेऊन आली. शकुंतलेच्या पाया पडली, नत्थूजींच्याही पाया पडली. पुस्तक आणि कॅसेट परत करून म्हणाली, "सर, हे तुमच्याजवळच राहू द्या. कोणाच्या कामी येईन."

ती गेल्यावर कॅसेट हातात घेतली. जुनं लेबल झिजून गेलेलं. त्यावर आता दोन्ही बाजूंना बारीक कागदी पट्ट्या चिकटवलेल्या, इंदूच्या अक्षरात. एका बाजूला 'पान २७'. दुसऱ्या बाजूला 'पान ४१'.

मला लगेच काही समजलं नाही. मग समजलं, आणि वही मागं उलटत गेलो. दहा जुलै. घडी घातलेला कागद तिथंच होता, वीस उत्तरं, खाली माझ्या लाल शाईत सहा आणि त्याखाली दोन रेघा. नत्थूजींचा टेपरेकॉर्डर आजही घरातच आहे. 'पान ४१'ची बाजू लावली. ग्रंथालय नाहीच. एक बाई बसची वाट पाहते आहे, बस उशिरा येते, ती कोणाला तरी दोष देते आहे. हाच तो नाकातला आवाज. सगळ्यांसमोर टेप थांबवून थांबवून मी त्या बसचं ग्रंथालय केलं होतं!

म्हणून ती ओठ मुडपून हसली होती. म्हणून म्हणाली होती, "सर, ते पान—" आणि मी गप्प केल्यावर तिनं आपणच एक्केचाळीसावं पान उघडून उत्तरं लिहिली असणार. शकुंतला दारात मान डोलावत होती, नत्थूजी ऐकत होते, म्हणून पोरीनं वीसपैकी सहा मान खाली घालून घेतले. त्याच सहांच्या जोरावर मी तिला टोफेलकडे ढकलत होतो. पाच महिने तिनं हे कोणाला सांगितलं नाही. आजही सांगितलं नाही. नुसत्या दोन पट्ट्या चिकटवल्या.

शकुंतलेला बोलावून सगळं सांगितलं. ती पदर तोंडाला लावून हसली आणि मग हसता हसता रडायला लागली. मी दौत घेऊन बसलो. एक्केचाळीसाव्या पानाची उत्तरं काढून तो कागद पुन्हा तपासला. आधीचे सहा खोडले. एकोणीस झाले.

विसावं तेवढं जुळत नाही. ती बाई शेवटी बसमध्ये चढते की पायी जाते? पुस्तक म्हणतं चढते, इंदूनं लिहिलंय पायी जाते. टेप तीनदा लावून ऐकली. मला तरी अजून नीट कळलेलं नाही. पुढल्या रविवारी इंदूला विचारीन.